डिस्चार्ज कार्डावर ‘ॲनोरेक्सिया’ लिहिलंय, म्हणजे काय?

ठाण्यातल्या वर्तकनगरहून एका सूनबाईंनी विचारलं आहे: “माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. अशक्तपणा फार वाढला म्हणून मध्यंतरी त्यांना ॲडमिट केलं होतं. डिस्चार्ज कार्डावर ‘ॲनोरेक्सिया’ असा शब्द आहे. कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीने मोबाइलवर शोधलं, तर बारीक होण्यासाठी उपाशी राहणाऱ्या मुलींचा तो मानसिक आजार असल्याचं निघालं. आम्ही सगळे घाबरलो आहोत. चार महिन्यांत त्यांचं वजन ६१ किलोवरून ५६ वर आलंय. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं का? तोवर भूक वाढवणारं टॉनिक सुरू करू का?”

आधी भीतीचं बोलते. तुमच्या सासऱ्यांच्या कार्डावर लिहिलेला ॲनोरेक्सिया म्हणजे भूक न लागणं, अन्नावरची वासना जाणं. एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या मुलीने वाचला तो आजार वेगळा आहे, त्याचं पूर्ण नाव ॲनोरेक्सिया नर्व्होसा. बोलण्यात आणि बातम्यांमध्ये त्यातलं ‘नर्व्होसा’ गळून पडतं आणि मग असा घोळ होतो.

मात्र तुम्ही दिलेल्या वजनाच्या आकड्यांकडे मला दुर्लक्ष करता येत नाही. ६१ चे ५६ म्हणजे आठ टक्के वजन गेलं. मुद्दाम काही न करता सहा ते बारा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त घट झाली, तर तिचं कारण शोधायचंच, असा आमच्याकडचा दंडक आहे. तुमच्याकडे ती चार महिन्यांतच झाली आहे. म्हणून टॉनिकची बाटली आणण्याआधी हे उत्तर शेवटपर्यंत वाचा.

कार्ड हातात घ्या आणि तो शब्द कुठे लिहिलाय ते पाहा. वरच्या बाजूला ‘सी/ओ’ अशी खूण असते. तिच्यापुढे पेशंटने स्वतः सांगितलेल्या तक्रारी येतात. वॉर्डातले डॉक्टर तिथे भराभर लिहितात: ‘ॲनोरेक्सिया, वेट लॉस, वीकनेस’. भूक नाही, वजन उतरलंय, अंगात त्राण नाही. काही जण शब्दापुढे अधिकचं चिन्ह करतात, म्हणजे तक्रार आहे. वजाचं चिन्ह असेल तर विचारलं होतं पण तक्रार नाही. त्याखाली ‘के/सी/ओ’ असेल, तिथे आधीपासून माहीत असलेले आजार, म्हणजे तुमच्याकडे मधुमेह आणि रक्तदाब. आणि मग निदानाचा रकाना. ॲनोरेक्सियाची जागा तक्रारींमध्ये आहे. ताप जसा लक्षण आहे आणि मलेरिया हा आजार, तसाच हा हिशोब. निदानाच्या रकान्यात हा एकच शब्द एकटा लिहिलेला दिसला, तर निदान अजून व्हायचं आहे असं समजा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा: “भूक कशामुळे गेली, ते कळलं का?” हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मेडिक्लेम केला असेल तर आणखी एक गोष्ट बघून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात नुसती भूक जाण्याचा कोड ‘आर ६३.०’ आहे. ‘आर’ हा लक्षणांचा विभाग. ॲनोरेक्सिया नर्व्होसाचा कोड ‘एफ ५०.०’, आणि ‘एफ’ हा मानसिक व वर्तनविषयक आजारांचा विभाग. कागदावर चुकून दुसरा कोड पडला असेल तर रुग्णालयाकडून वेळीच दुरुस्त करून घ्या. हस्ताक्षर नीट लागत नसेल तर शब्द तोच आहे ना, याचीही खात्री करा. ‘ॲनोरेक्टल’ म्हणजे गुदद्वार आणि मलाशयाशी संबंधित, ‘ॲनॉक्सिया’ म्हणजे शरीराला ऑक्सिजन न मिळणं. तिन्ही शब्द लांबून सारखे दिसतात आणि लोक भलत्याचीच माहिती वाचून हवालदिल होऊन येतात.

आता मुलीने वाचलेल्या आजाराविषयी, कारण तिच्या वयाच्या मुलींच्या घरात तोही माहीत असायला हवा. १८७३ मध्ये लंडनमध्ये सर विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या दोन डॉक्टरांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, खाणं सोडून देऊन खंगत जाणाऱ्या तरुण मुलींची वर्णनं मांडली. गल यांचा निबंध पुढच्या वर्षी छापून आला तेव्हा त्यात ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव होतं. तेच रूढ झालं, पण आजाराचं वर्णन म्हणून ते तितकंसं बरोबर नाही. या आजारात बहुतेकदा भूक शाबूत असते, निदान सुरुवातीला तरी. मुलगी ती दाबून टाकते. वजन वाढण्याची जबर धास्ती असते, हाडं दिसायला लागली तरी आरशात आपण जाडच दिसतो असं तिला वाटतं. खूप दिवस उपासमार झाली की मग भूकही बोथट होते.

दोन्हींमधला फरक ओळखायला मी एक साधा प्रश्न विचारते: “वजन उतरलंय, त्याचं तुम्हाला काय वाटतं?” तुमच्या सासऱ्यांसारखा माणूस सांगतो, “डॉक्टर, पँट कमरेवर राहत नाही, बरं नाही वाटत.” नर्व्होसा असलेल्या मुलीला ती घट हवी असते, किंवा ती घट झाल्याचंच तिला मान्य नसतं. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी मात्र असेही पेशंट नोंदवलेत की ज्यांना जाड होण्याची भीती मुळीच नव्हती. ते फक्त ‘पोट फुगतं’, ‘जेवण जात नाही’ म्हणत आणि खंगत जात. आपल्याकडेही हे ध्यानात ठेवावं लागतं. संकष्टीच्या जोडीला सोमवार, मग गुरुवार, मग ‘मी डाएटवर आहे’, असं करत मुलीचं ताट रिकामं होत जातं आणि घरच्यांना ती श्रद्धाळू किंवा शिस्तीची वाटते. पाळी थांबणं, सतत थंडी वाजणं, जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाणं, सैल कपडे घालून अंग झाकणं, दिवसातून अनेकदा वजन करणं, यांतलं काही दिसलं तर तिला ओरडू नका, पण थांबूही नका. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक जीव घेणाऱ्या आजारांत याची गणना होते. पोटॅशियम उतरून हृदयाची लय बिघडते. फार दिवस उपाशी असलेल्या व्यक्तीला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने घसरतं, म्हणून खाणं वाढवायचं तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येतं. ठाण्यातच १९०१ पासून चालू असलेलं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात सल्ला घ्यायला जाण्यात कसलीही लाज नाही, हे मी माझ्या पेशंटना नेहमी सांगते.

तर परत तुमच्या सासऱ्यांकडे येऊ.

‘भूक नाही’ या दोन शब्दांत लोक निदान सहा वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतात आणि कागदावर त्या सगळ्यांचा एकच ॲनोरेक्सिया होतो. माझं निम्मं काम त्यांना वेगळं करण्याचं असतं. त्यात घरची माणसं जे शब्द वापरतात ते मला इंग्रजी शब्दापेक्षा जास्त उपयोगी पडतात. “अन्नावर वासनाच नाही”, “भूक मेलीय”, चेंदणी कोळीवाड्यातल्या आजी म्हणतात तसं “जेवान जात नाय”: हा खरा ॲनोरेक्सिया. ताट समोर येऊनही आतून काही हलत नाही. “भूक लागते, पण दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं”, हे वेगळं. इथे जठर नीट रिकामं होत नसेल, जुन्या मधुमेहात तसं होतं, किंवा जठरात गाठ असेल, पोटात पाणी साठलं असेल, प्लीहा वाढून जठरावर दाब येत असेल. “भाकरीचा घास छातीत अडकतो, पाण्याने ढकलावा लागतो”, ही गिळण्याची अडचण आहे, भुकेची नाही. आधी घट्ट पदार्थ आणि मग पातळही अडकायला लागले, तर दुर्बिणीची तपासणी लांबणीवर टाकायची नाही. “खाल्लं की दुखतं, म्हणून खायची भीती वाटते”, इथे जठरातला व्रण, पित्ताशयातले खडे, आणि म्हाताऱ्या, तंबाखू खाणाऱ्या माणसांत आतड्याचा रक्तपुरवठा कमी होणं, या दिशेने जावं लागतं. “तोंड कडू झालंय, लोखंड चघळल्यासारखं लागतं”, हे गोळ्यांमुळे होतं, मूत्रपिंड थकल्यावरही होतं. आणि “फोडणीच्या वासानेच उमासे येतात” ही मळमळ.

आयुर्वेदाच्या जुन्या जाणकारांनीही हा भेद केला होता. तोंडात घातलेलं अन्न रुचत नाही तो अरोचक. अन्नाच्या नुसत्या आठवणीने, दर्शनाने किंवा नावानेच तिटकारा येतो तो भक्तद्वेष. पेशंटचं ऐकून घ्यायची ही रीत मला फार मोलाची वाटते.

म्हणून सासऱ्यांना ‘भूक लागते का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येईल. त्यांच्या आवडीचं काय ते तुम्हाला ठाऊक असेल. बोंबलाचं कालवण असो की पुरणपोळी, ते समोर ठेवलं तर काय होतं ते पाहा. हात पुढे होतो आणि मग थांबतो? वास घेऊन ताट सरकवतात? दोन घासांनंतर पोटावर हात जातो? जे दिसेल ते तसंच्या तसं, तुमच्याच शब्दांत डॉक्टरांना सांगा. अपेंडिक्सच्या दुखण्यातही आम्ही हीच युक्ती वापरतो. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला मी विचारते, “गरम वडापाव आणला तर खाशील?” तो लगेच हो म्हणाला तर अपेंडिक्सची शक्यता कमी होते. १९८६ मध्ये अल्वाराडो या डॉक्टरांनी अपेंडिक्ससाठी १० गुणांची पद्धत सुचवली, त्यात भूक जाण्याला एक गुण आहे. अर्थात एवढ्यावर निर्णय होत नाही, पोट तपासावंच लागतं.

भूक जाते कशी, हे थोडक्यात सांगते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. रिकाम्या जठरातून घ्रेलिन हे संप्रेरक निघून त्याला ‘खा’ म्हणून सांगतं. चरबीतून येणारं लेप्टिन आणि आतड्यांतून येणारी इतर संप्रेरकं ‘पुरे’ म्हणतात. शरीरात संसर्ग, सूज किंवा कर्करोग असला की पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात आणि ती या केंद्रावर जाऊन भूक दाबून टाकतात. म्हणून तापात जेवण नकोसं होतं आणि ताप उतरला की दोन दिवसांत आपोआप परत येतं. अशी चार-सहा दिवसांची अरुची नैसर्गिक असते, तिला औषध लागत नाही. पाणी, पेज, ताक पोटात जात राहिलं म्हणजे झालं.

आठवड्याहून जास्त काळ भूक गेलेली असेल आणि पाऊसकाळ असेल, तर ठाण्यात मला पहिली आठवण होते काविळीची. दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई मध्ये डोळे पिवळे व्हायच्या आधी काही दिवस भूक पार जाते, मळमळतं, अंग मोडून येतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला धुराचाही तिटकारा येतो. वागळे इस्टेटमधला कामगार किंवा रिक्षावाला “जेवण सोडा, बिडीपण नको वाटते” म्हणाला की मी त्याला लघवीचा रंग विचारते. मोहरीच्या तेलासारखी गडद असेल तर यकृताची तपासणी त्याच दिवशी.

दुसरा क्षयरोग. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी कणकण, रात्री घाम आणि त्यासोबत गेलेली भूक व उतरलेलं वजन, हे चित्र इतकं ओळखीचं आहे की ते चुकायला नको. तरी चुकतं, कारण घरचे ‘नीट जेवत नाही म्हणून बारीक झालाय’ असं उलटं समजतात. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून दरमहा पैसे मिळतात. २०१८ मध्ये सुरुवात झाली तेव्हा ही रक्कम ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. ज्यांचे क्षयाचे उपचार चालू आहेत त्यांनी हे मात्र पक्कं लक्षात ठेवावं: उपचारांनी भूक सुधारली होती आणि पुन्हा एकाएकी गेली, सोबत मळमळ आणि गडद लघवी, तर गोळ्यांचा यकृतावर परिणाम होत असू शकतो. त्याच दिवशी केंद्रात जाऊन दाखवायचं.

तुमच्या सासऱ्यांच्या वयात मात्र कारण एकटं नसतं. तीन-चार लहान कारणं एकत्र येतात आणि प्रत्येक जण ‘वयच झालं’ म्हणून सोडून देतो. वयानुसार भूक थोडी कमी होते हे खरं आहे. वृद्धांच्या आजारांचे अभ्यासक जॉन मॉर्ले यांनी १९८८ मध्ये म्हातारपणीच्या या अरुचीला वेगळं नावही दिलं. वास आणि चव मंदावते, जठर हळू रिकामं होतं, तृप्तीची संप्रेरकं जास्त वेळ टिकतात. पण वयाने भूक हळूहळू ओसरते, वर्षानुवर्षं. चार महिन्यांत पाच किलो वजन वयामुळे जात नाही.

सगळ्यात आधी त्यांच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करा. सगळ्या पट्ट्या, डोळ्यांचे थेंब, आयुर्वेदिक चूर्णं, शेजाऱ्यांनी सुचवलेलं काही, सगळं. मेटफॉर्मिन ही मधुमेहातली उत्तम आणि जुनी गोळी आहे, पण ती भूक कमी करते, काहींच्या तोंडाला धातूची चव आणते, आणि मूत्रपिंड कमजोर झालं असेल तर तिचा डोस कमी करावा लागतो किंवा ती बंदच करावी लागते. सेमाग्लुटाइडच्या जातीची मधुमेहावरची इंजेक्शनं आणि गोळ्या साखरेसोबत भूकही कमी करतात. जाड माणसाला ते हवं असतं, ५६ किलोच्या वृद्धाला नको. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर भूक जाणं हे त्याचं प्रमाण वाढल्याचं पहिलं लक्षण असू शकतं. मेट्रोनिडॅझोलचा कोर्स झाला असेल, लोहाच्या गोळ्या चालू असतील, उदासीनतेवरच्या काही गोळ्या असतील, तर त्यांचाही हात असतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आणि घरात ‘बाबांना मीठ नको’ म्हणून अगदी अळणी स्वयंपाक, ही जोडी मी फार वेळा पाहते. रक्तातलं सोडियम उतरतं, त्याने भूक आणखी मरते, माणूस सुस्त होतो, बोलण्यात गोंधळ होतो. घरच्यांना वाटतं विसरभोळेपणा सुरू झाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे आजच करा. जेवण निम्म्यावर आलेलं असताना मधुमेहाच्या गोळ्या पूर्वीच्याच डोसने चालू असतील, त्यातही ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल, तर साखर धोकादायक उतरू शकते, विशेषतः पहाटे. घाम, थरथर, विचित्र वागणं दिसलं तर लगेच ग्लुकोमीटरवर साखर बघा. ७० च्या खाली असेल आणि ते शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. गुंगी असेल तर तोंडात काही घालू नका, थेट रुग्णालय गाठा. आणि डॉक्टरांना आजच फोन करून विचारा: “ते निम्मंच जेवतात, गोळ्यांचा डोस बदलायचा का?” स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

गोळ्यांनंतर तोंड. कवळी सैल झाली आहे का? वजन उतरलं की हिरड्याही बसतात आणि जुनी कवळी टोचायला लागते. जिभेवर पांढरा थर, गालात छाला, तंबाखूचा चट्टा? बॅटरी मारून स्वतः बघा. मग पोट साफ होतं का ते विचारा. चार दिवसांचं बद्धकोष्ठ असलेल्या माणसाला भूक लागणार कशी?

आणि मग मन. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं का, या तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. नर्व्होसासाठी नाही, पण उदासीनतेसाठी कदाचित हो. ठाण्यातली बहुतेक घरं सकाळी आठला रिकामी होतात. मुलगा-सून लोकलने किंवा घोडबंदरच्या गर्दीतून कामावर, नातवंडं कॉलेज-क्लासला. दुपारी एकला म्हातारा माणूस एकटाच फ्रिजमधलं जेवण काढून टीव्हीसमोर बसतो. बरेच जण तर गरमही करत नाहीत. पहाटे तीन-चारला जाग येणं, वर्तमानपत्र न उघडणं, तलावपाळीवरच्या मित्रांकडे जाणं सोडणं, ‘आता कशाला’ असं वारंवार म्हणणं, हे भुकेसोबत दिसत असेल तर ते डॉक्टरांना नक्की सांगा. वृद्धांमधली उदासीनता रडण्यापेक्षा ताटातच जास्त दिसते आणि ती बरी होते.

तपासण्या त्यांच्या डॉक्टरांना ठरवू द्या, पण साधारण काय अपेक्षा ठेवायची ते सांगते: रक्ताची पूर्ण तपासणी, साखर आणि तीन महिन्यांची सरासरी, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, यकृताच्या चाचण्या, थायरॉइड, लघवी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी. यातल्या बऱ्याच ॲडमिट असताना झाल्याही असतील, ती फाईल घेऊन जा म्हणजे परत खर्च होणार नाही. या वयात नव्याने भूक गेली, वजन उतरलं आणि पंडुरोगही निघाला, तर दुर्बिणीने जठर पाहण्याला पर्याय नाही. कर्करोगाची भीती घालत नाही, पण ती शक्यता लवकर तपासून मोकळं व्हावं, या मताची मी आहे. कॅल्शियम पाहायचं कारण असं की ते वाढलं तर भूक जाते, बद्धकोष्ठ होतं आणि माणूस सुस्तावतो, आणि ही तपासणी बऱ्याचदा राहून जाते.

आता टॉनिक. माझं स्पष्ट मत: सुरू करू नका. मेडिकलमध्ये भूक वाढवण्यासाठी मिळणाऱ्या बऱ्याच औषधांत सायप्रोहेप्टाडिन असतं. मुळात ते ॲलर्जीचं औषध. वृद्धांमध्ये त्याने झोप येते, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ वाढतं, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडते, तोल जाऊन पडायला होतं. भूक थोडी वाढलीच तरी कारण झाकलं जातं आणि निदान लांबतं. बिनलेबलच्या ‘भूक वाढवणाऱ्या’ पुड्या तर अजिबात नकोत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, मधुमेह्याची साखर त्याने भडकते. ‘डॉक्टर, एक सलाईन लावा, ताकद येईल’ ही मागणीही रोजची. ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे फार तर १०० कॅलरी. तूप लावलेली एक पोळी त्याहून जास्त देते. पाणी कमी पडलं असेल तेव्हा सलाईन जीव वाचवतं, पण ते जेवणाची जागा घेत नाही.

लहान मुलांच्या आयांनाही हेच सांगते. वर्षानंतर मुलाच्या वाढीचा वेग कमी होतो, तशी भूकही कमी होते. तक्त्यावर वजन-उंची नीट वाढत असेल आणि मूल खेळत असेल तर मागे लागून भरवू नका, दूध कमी करा. वाढ थांबली असेल तर डॉक्टरांकडे न्या.

कारण सापडेपर्यंत सासऱ्यांचं ताट लहान करा. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं. भरलेलं ताट पाहूनच त्यांना दडपण येतं. कमी घासांत जास्त पोषण जायला हवं: मऊ भातावर तूप, मुगाचं घट्ट कढण, नाचणीची ताकातली आंबील, मऊ उकडलेलं अंडं, चालत असेल तर काटे काढलेली मासळी, भाजीत दाण्याचं कूट, वाटीभर दही. नुसती साबुदाण्याची खीर किंवा बिस्किट-चहा यांनी पोट भरल्यासारखं वाटतं आणि साखर तेवढी वाढते. चहा जेवणाच्या आधी तासभर नको. जेवताना पाणी कमी, मधल्या वेळात जास्त. सकाळी भूक त्यातल्या त्यात बरी असते, तेव्हा पौष्टिक ते द्या. मीठ पूर्ण बंद करायला डॉक्टरांनी खरंच सांगितलंय का, ते पुन्हा विचारून घ्या. लिंबू, आलं, कोथिंबीर, जिरं यांनी मिठाशिवायही चव येते. मूत्रपिंडाचा अहवाल बिघडलेला असेल तर प्रथिनांचं प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. आणि दिवसातलं एक जेवण, रात्रीचं का होईना, त्यांच्यासोबत बसून करा.

वजन दर आठवड्याला, एकाच काट्यावर, सकाळी, साधारण तेवढ्याच कपड्यांत करून कॅलेंडरवर लिहा. पुढच्या भेटीला ते कॅलेंडर, गोळ्यांची पिशवी, जुनी फाईल आणि ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहिलेला कागद घेऊन जा. ही भेट याच आठवड्यात घ्या. काळी शौच, रक्ताची उलटी, डोळे पिवळे होणं, घास अडकणं, बोलण्यात गोंधळ, चोवीस तासांत पाणीही पोटात न राहणं, यांतलं काही झालं तर भेटीची वाट न पाहता सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. रात्र असली तरी सकाळपर्यंत थांबू नका.